गाळपेरीतला पट्टकदंब

नांदूरमध्यमेश्वर धरणाचं पाणी दिवाळीनंतर मागं सरायला लागलं की आमच्या गावात भांडणं सुरू होतात. पाणी उतरतं तशी खालची गाळाची जमीन उघडी पडते. ती सरकारची, पण पेरतो आम्ही, सासऱ्यांच्याही आधीपासून. तिला गाळपेर म्हणतात. गहू टाका, हरभरा टाका, पाण्या-खताची काळजी नको. म्हणूनच तिच्या बांधावरून डोकी फुटतात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी सासऱ्यांना कुदळ घेऊन सख्ख्या चुलतभावामागं धावताना पाहिलं. तेव्हा रक्त बघून मला चक्कर आली होती. आता येत नाही.

त्याच दिवसांत परदेशी पाखरं उतरतात. मी पाहुण्यांना ती दाखवते. गाइडचं ट्रेनिंग घेतलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, पाखरं हाकायची सोडून दाखवायला निघाली ही!" सगळी भावकी खो-खो हसली. हसू देत. मला ते काम आवडतं.

सगळ्यात जास्त राग गावाला पट्टकदंबाचा. करड्या रंगाचा हंस, डोक्यामागं दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून येतो आणि पहाटे आमचा कोवळा गहू खुडतो. माझा धाकटा दीर गोफण घेऊन बांधावर उभा राहायचा आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

त्या हिवाळ्यात थव्यातल्या एकाच्या गळ्यात हिरवी पट्टी दिसली, वर पांढरी अक्षरं. मी फोटो काढून नाशिकच्या एका प्राध्यापक सरांना पाठवला. त्यांनी तो पुढं पाठवला, आणि उत्तर आलं थेट मंगोलियातून. तिथल्या एका बाईनं स्वतःच्या हातानं ती पट्टी घातली होती. तिनं फोटोही धाडला. आपण कोंबडी काखेत धरतो तसा तिनं हंस धरला होता. पट्टीत यंत्र होतं, पाखरू कुठं आहे ते तिला कळायचं. वाटेतले सगळे देश मिळून ही पाखरं कुठं थांबतात ते शोधत होते, म्हणजे ती ठिकाणं राखता येतील.

आणि नेमकं तेव्हाच सरकारात बोलणं चाललं होतं, पाखरांसाठी गाळपेर बंद करा; त्यावर बैठक होणार होती. सर फोनवर म्हणाले, "ताई, नकाशात स्पष्ट दिसतंय. हा झोपतो पाण्यावर आणि चरतो तुमच्या गाळपेरीत. बैठकीत मी हेच मांडणार. शेती बंद केलीत तर यांचं खाणं बंद होईल. हा पक्षीच तुमची गाळपेर वाचवेल."

मी उड्या मारत घरी येऊन सांगितलं. दिरानं त्यातला एकच शब्द उचलला.

"नकाशा? म्हंजे मोजणी चाललीय आपल्या रानाची!"

"अहो भाऊजी, पाखराची जागा कळते फक्त."

"वहिनी, तुम्हाला लय कळतं. मोजणीवाला येऊन गेला आन् जमीन वाढली, आसं कधी झालंय का?"

नाही झालं, हे खरंच. आमच्या गावात टेप लागली की कुणाचं तरी काहीतरी जातंच. पण त्याचा राग पाखरावर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हशीची धार काढत होते, तेवढ्यात गाळपेरीतून आरडाओरडा ऐकू आला. चरवी तिथंच टाकून पळाले. दिरानं मासे धरायचं जाळं गव्हावर अंथरलं होतं आणि त्यात तोच हंस अडकला होता. भावकी भोवती जमलेली. हंस फिस्कारत होता, पंख आपटत होता. दिरानं काठी घातली. पंखाचं हाड मोडल्याचा आवाज मला लांबून ऐकू आला.

"भाऊजी, सोडा त्याला! तुमच्या पाया पडते!"

दुसरी काठी. मग माझी जीभ सुटली. "अरे मुडद्या, तुझ्याच बाजूचा आहे तो!" मी त्याच्या मनगटाला कडाडून चावले. त्यानं मला ढकललं. तिसरी काठी माझ्या खांद्यावर बसली. मी जाळ्यावर आडवी पडले तर हंसानंही माझा हात फोडला. त्याला काय माहीत, कोण आपलं आणि कोण परकं. मागून चुलतसासूनं माझा अंबाडा धरून मला ओढून काढलं.

पट्टी निघेना. दीर ओढायचा, मान लांब व्हायची. शेवटी त्यानं पायाखाली पाखरू धरलं आणि विळ्यानं मान कापून पट्टी काढली. बांधावर ठेवून दगडानं ठेचली. "झाली मोजणी!" तो म्हणाला. पोरंटोरंसुद्धा टाळ्या पिटत होती. मला त्या सगळ्यांचा जीव घ्यावासा वाटला. खरंच सांगते, विळा माझ्या हातात असता तर घेतला असता.

दुपारी सरांचा व्हिडिओ कॉल आला. सोबत मंगोलियाची ती बाई होती, तिच्या खिडकीबाहेर बर्फ. यंत्र अचानक का थांबलं, ते तिला हवं होतं. मी अंगणात उभी राहून सगळं सांगितलं, कुणाचं नाव झाकलं नाही. सर इंग्रजीत सांगत गेले. तिनं एकच विचारलं, सकाळी तो उपाशी होता का?

"नाही, आमचा गहू खात होता," मी म्हटलं. ती तोंड झाकून रडायला लागली.

सर म्हणाले, "ताई, आता बैठकीत मी काय मांडू? गाळपेरीत पाखरं मारतात, एवढंच लोकांना दिसणार. गेली तुमची गाळपेर."

दीर मागं भावकीसोबत उभा राहून ऐकत होता. त्याचं तोंड पांढरं पडलं. तो पुढं आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, तिला इचारा ना, दुसरा धाडती का?"

मी त्याच्या थोबाडीत मारली. भावकीसमोर, फोनमधल्या त्या बाईसमोर. त्यानं हात उचलला नाही, मान खाली घालून तिथंच उभा राहिला. म्हणून मी आणखी एक मारली.