मठाच्या फाटकाची किल्ली

मॉर्टी हेशन अंधाराला भ्यायचा. लहानपणी गावाच्या तटाच्या बुरुजात कोंडला गेला होता, तेव्हापासून. आणि गावाने मोडक्या मठाची किल्ली ठेवली नेमकी त्याच्याच घरी! त्या मठातल्या छप्पर उडालेल्या चर्चच्या चार भिंतींच्या आत आमची माणसं पुरतात. मॉर्टी भर दुपारीही शीळ घालत आत जायचा. आम्ही हसायचो. त्याची बायको डीलिया कधी हसली नाही. ती रात्रभर उशाशी दिवा ठेवायची.

मॉर्टी गेला, आणि डीलिया रडायचं विसरून पुरायची घाईच करायला लागली. त्याला पुरायचं त्याच दिवशी क्वर्कांची तापाने गेलेली पोरही पुरायची होती. आमच्याकडे जो शेवटी पुरला जातो, त्याच्या आत्म्याने पुढचं माणूस पुरायला येईपर्यंत फाटकावर पहारा द्यायचा. एकट्याने, अंधारात. फादर याला खुळचटपणा म्हणतात. म्हणू देत! त्यांना कुठे इथे पुरणार आहेत?

"हॅना, त्याच्याच्याने नाही गं होणार," डीलियाने माझा हात घट्ट धरला. मग खांदेकऱ्यांवर ओरडली, "पाय उचला रे! मुंग्या मारताय काय?"

गावाची वेस इतकी अरुंद, की एका वेळी एकच शवपेटी जाते. आमची माणसं अक्षरशः धावली. मागून क्वर्कांची माणसं येताना दिसली आणि मीही धावत सुटले. वेस आम्ही आधी ओलांडली. घाईघाईत डीलियाची किल्ली कुलपात जाईना.

"उघड लवकर, आणि आतून लावून घे!" हे मीच म्हणाले.

कुलूप निघालं तोवर क्वर्क पोहोचला होता. लहानशी पेटी दोन्ही हातांवर घेऊन तो धापा टाकत उभा राहिला.

"डीलिया," तो म्हणाला, "तीपण घाबरते गं."

डीलिया मॉर्टीच्या पेटीकडे बघत राहिली. मग फाटक सताड उघडून बाजूला झाली.

"जा, ने तिला आत." पेटीवर हात ठेवून ती पुटपुटली, "मॉर्टी, शीळ घालत राहा. मी आलेच."

त्याच हिवाळ्यात ती गेली. तिच्यानंतर अजून कोणी गेलेलं नाही. गावात सगळ्यांत म्हातारी आता मीच. किल्ली माझ्याकडे असते, आणि मला शीळ घालता येत नाही.