लंगरमधलं आप्पांचं ताट

नांदेडहून आत्ताच अहमदपूरला घरी पोचलो आणि बूटही न काढता तुम्हाला हे लिहून राहिलो.

आप्पा, म्हणजे माझे वडील, जाऊन दोन महिने झाले. तेव्हापासून आई दोन घास खाते आणि ताट बाजूला सारते. आज तिचे डोळे तपासून झाल्यावर दरवेळेसारखे गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो.

आप्पा लहानपणी उर्दू शाळेत शिकलेले. पंगतीत बसले की सांगणारच, "लंगर म्हणजे जहाजाचा नांगर. फारसी लफ्ज हाय. मोहरमच्या नवसाची साखळी, ती पण लंगर. अन् हे जेवण, हे पण लंगरच!"

आई वैतागायची. "समुद्र तर बघितला न्हाई कधी. जेवा गुमान."

आज तिनं पिशवीतून आप्पांचा डोक्याला बांधायचा रुमाल काढला आणि शेजारच्या जागेवर अंथरला. वाढणाऱ्या सरदारजींना वाटलं, माणूस हात धुवायला गेलाय. त्यांनी तिथंही ताट ठेवलं, दाल-रोटी वाढली.

लंगरमध्ये पानात टाकायचं नसतं. पंगत उठायला लागली तशी आईनं ते ताट स्वतःपुढं ओढलं आणि रडत रडत सगळं संपवलं. दोन महिन्यांत आज पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यो जहाजाचा शब्द पुन्हा सांग रे. मी कधी नीट ऐकलाच न्हाई."

तुमच्या घरी हाय का अजून कुणी, जेवताना तेच ते सांगणारं?