कोरड्या वाऱ्याचा दाखला

एका शाळेत वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. पण आमच्या उमरग्याच्या शाळेतले किस्से सांगायला बसलो की आधी डोकं फिरतं, हसू मागून येतं. त्यात गेटवरच्या वावळ्याच्या चार झाडांचं तर विचारूच नका!

शिवलिंगप्पा आमचे शिपाई. सगळे त्यांना अप्पाच म्हणतात. माघ सरला की वावळ्याची पानं झडतात, उघड्या फांद्यांवर बारकी फुलं येतात आणि अप्पांचा दमा उठतो. सकाळच्या दवात परागकण गप्प असतात. ऊन चढलं, हवा कोरडी झाली, वारं सुटलं की उधळतात. आणि अप्पांची गेट ड्युटी कधी? बरोब्बर अकरा ते दोन!

मी विज्ञान शिकवतो. "ड्युटी सकाळची करा," एवढंच माझं मागणं. आमचे हेडमास्तर संस्थाचालकांचे जावई. ते म्हणाले, "झाडामुळं कुणाला दमा होतो का? पुरावा आणा!"

* * *

आणला असता हो! परागकण चिकटावेत म्हणून काचपट्ट्यांना व्हॅसलीन लावून गच्चीवर ठेवल्या. आठवड्यानं बघतो तर सगळ्या चकाचक!

झाडलोट करणाऱ्या साळूबाई मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, "रोज पुसत होते सर. लई पिवळी घाण बसायची. अन् कुण्या मेल्यानं वर तेल सांडून ठेवलेलं!"

* * *

पुन्हा काचा मांडल्या. मायक्रोस्कोपखाली बघावं तिकडं परागकण! हेडमास्तर म्हणाले, "जुन्या नकोत. माझ्यासमोर नवी काच ठेवा." आणि साहेब उगवले कधी, तर अवकाळी पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी. काच जवळजवळ कोरी.

"सर, पावसानं परागकण खाली बसतात. म्हणून तर आज अप्पाही बरे आहेत."

"म्हणजे झाड तेच, माणूस तोच आणि दमा गायब? मग नाटकच की!"

अस्सा संताप आला! काच फेकणार होतो, पण ती माझ्याच पैशांनी आणलेली होती.

* * *

मग डॉक्टरांची चिठ्ठी आणली. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी यांना झाडाखाली उभं करू नये, असं स्पष्ट लिहिलेलं. क्लार्कनं ती उलटीपालटी करून परत दिली.

"वारं कोरडं होतं हे कोण ठरवणार? तलाठ्याचा दाखला जोडा."

अप्पा बिचारे खरंच तलाठ्याकडं गेले! तलाठ्यानं विचारलं, "वाऱ्यानं पिकाचं नुकसान झालंय का?"

"पिकाचं न्हाय सायब," अप्पा म्हणाले, "माझं झालंय."

* * *

तपासणी समिती आली ती भर फाल्गुनात, साडेअकराच्या टळटळीत उन्हात. स्वागताचं ताट अप्पांच्या हाती दिलं. मी नको नको म्हणत होतो, कोण ऐकतो? वाऱ्याचा एक झोत आला आणि अप्पा ताटासकट खाली बसले. ओठ निळे! मोटारसायकलवर दोघांच्या मधे धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, "जीव गेल्यावर आणायचं होतं का?"

तेवढ्यात हेडमास्तरांचा फोन. म्हटलं, चला, माणुसकी जागी झाली.

"शुद्धीवर आले का ते? नारळ कुठं ठेवलाय विचारा!"

* * *

समितीनं अहवालात गेटवरच्या झाडांचं कौतुक केलं. झालं! पावसाळ्यात साहेबांनी वावळ्याची आणखी दहा रोपं मागवली. वर हुकूम, "अप्पांच्याच हातानं लावा. त्यांची भीती मोडेल." ड्युटी मात्र तीच, अकरा ते दोन.

मी भांडायला निघालो तर अप्पांनी हात धरला. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर." एकट्यानं खड्डे खणले आणि दहाच्या दहा रोपं हेडमास्तरांच्या केबिनच्या खिडकीखाली ओळीनं लावली.

"अप्पा, यांना फुलं यायला कैक वर्षं लागतील. तुम्ही तर पुढच्या साली रिटायर!"

अप्पांनी शेवटच्या रोपाची माती पायानं दाबली.

"व्हय की. पण सायबांची अजून अठरा वर्षं हायेत."