पुंडलिकचा सुटलेला सूर

पुंडलिक खुलताबादच्या खालच्या अंगाच्या एका खेड्यातून वाळूजला आला, तेव्हा हात रिकामे होते, पण गळा मोठा गोड होता. आंबेडकर जयंतीला त्यानं भीमगीत धरलं की गावातली म्हातारी माणसं डोळे पुसायची.

वाळूजच्या एका कारखान्यात त्याला प्रेस शॉपला काम मिळालं. पत्र्यावर साचा आदळायचा आणि गाडीचा दरवाजा निघायचा. दिवसभर नुसतं धाड-धाड. पण पगार वेळेवर पडायचा. लग्न झालं, पत्र्याच्या खोलीचं स्लॅबचं घर झालं, पोरगी सुलेखा इंजिनीयर झाली. "या शहरानं आपल्याला माणसांत आणलं," असं तो बायकोला, गोजरबाईला, नेहमी म्हणायचा, आणि ते खरंच होतं. संध्याकाळी अंघोळ करून तो धम्मपालच्या गायन पार्टीत जाऊन बसायचा. धम्मपाल पेटी वाजवायचा, हा गायचा.

कान कधी जायला लागले, ते त्याला समजलंच नाही. आधी वाटलं, लोकच हळू बोलतात. मग घरातल्या टीव्हीचा आवाज वाढत गेला. गोजरबाई हाका मारून मारून दमायची आणि शेवटी येऊन दंडाला हात लावायची.

गेल्या जयंतीला मांडव भरला होता. पुंडलिकनं डोळे मिटून गाणं धरलं. कडव्याच्या मध्यावर डोळे उघडले, तर ढोलकीवाल्याचे हात थांबलेले. धम्मपाल पेटीवर बोटं ठेवून खाली मान घालून बसलेला. पुढं बसलेल्या दोन पोरी हसू दाबत होत्या आणि त्यांची आई त्यांना डोळ्यांनीच दटावत होती. पुंडलिकनं गाणं पुरं केलं. टाळ्या पडल्या. त्या त्याला दिसल्या.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "सुलेखा, सूर सुटला व्हता का गं?"

"नाय बाबा," ती म्हणाली आणि लगबगीनं आत गेली.

तिनंच मग त्याला डॉक्टरांकडं नेलं. इतकी वर्षं त्या आवाजात काम केल्यानं कानाच्या नसा गेल्या होत्या. त्या परत यायच्या नव्हत्या. कानात घालायचं मशीन घेतलं. त्यातून भांडी, हॉर्न, पंख्याची घरघर, सगळं एकदम अंगावर आलं. धम्मपाल मुद्दाम पेटी घेऊन घरी आला. त्यानं ओळखीचं गाणं वाजवलं. पुंडलिक बराच वेळ ऐकत राहिला.

"पत्रा कापल्यावानी वाटतंय रं," तो म्हणाला.

धम्मपालनं भाता मिटला. "दादा, मला लई दिवसांपासून ठावं व्हतं. सांगायला तोंडच उघडंना माझं."

पण तोवर पुंडलिकनं मशीन कानातून काढलं होतं.

यंदा जयंतीला तो मांडवात गेला नाही. रस्त्यावर पाणी वाटायच्या स्टॉलवर गोजरबाईशेजारी उभा राहिला. माणसं जयभीम घालायची, हा हसून जयभीम घालत ग्लास पुढं करायचा. समोर मांडवातली गर्दी डोलायला लागली, तसं त्यानं विचारलं, "कोणतं चालू हाय गं?"

गोजरबाईनं त्याच्या कानाला तोंड लावून सांगितलं. पुन्हा एकदा, मोठ्यानं सांगितलं. त्याला काही कळलं नाही.

"व्हय, व्हय," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला पाणी दिलं.