भावोजींच्या खुर्चीतलं एक वर्ष

आमच्या खाडीकाठच्या गावात एक रीत होती: परदेशात मिळालेली जागा रिकामी सोडायची नाही. रजेवर जायचं तर गावचाच माणूस तिथं बसवून जायचं, आणि त्यानं तुमच्या नावानं सही करायची. याला कुणी लबाडी म्हणत नसे. बदली म्हणत.

मी कुवेतला आलो तो एका कापडदुकानात. दोन महिन्यांतच भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आपाचे यजमान, आजारी बापासाठी गावी निघाले आणि सरकारी बांधकाम खात्यातल्या आपल्या टायपिस्टच्या खुर्चीवर मला बसवून गेले. गोऱ्या साहेबाला आम्ही दोघं एकसारखेच दिसायचो, की कागद वेळेवर मिळतात म्हणून तो गप्प होता, अल्ला जाणे. वर्षभर मी भावोजींच्या नावानं हजेरी लावली. परत आल्यावर त्यांनी खुर्ची घेतली आणि खटपट करून शेजारच्या खोलीत मला माझ्या नावावर चिकटवलं. उपकारच म्हणायचे.

चार वर्षं बरी गेली. मग एका उन्हाळ्यात बातमी आली की सरकार खर्च कापतंय, खात्यातली माणसं कमी होणार. युनियन तेव्हा नवीनच होती. तिचा सेक्रेटरी तिथलाच, कुवेती. त्याचा बाप गलबतातून मुंबईला खजूर न्यायचा, म्हणून त्याला मोडकं हिंदी यायचं. आम्हा बाहेरच्यांना युनियनमध्ये मत नव्हतं. पण टायपिंग येत होतं ना! मंत्र्याकडं अर्ज अरबीत जाणार, सल्लागार साहेबाकडं इंग्रजीत. इंग्रजीसाठी मला धरलं.

"सगळ्यांना ठेवा म्हटलं तर कुणालाच ठेवणार नाहीत," सेक्रेटरी म्हणाला. "तुम्हा बाहेरच्यांसाठी कुठंतरी रेघ मारावी लागेल. किती वर्षांची लिहू?"

"पाच," मी म्हटलं. क्षणभरही थांबलो नाही. माझी पाच भरली होती ना! ज्याची पाच वर्षं झाली त्याला हात लावू नये, असं मीच टाईप केलं, वर दोन ओळी पदरच्या घातल्या. मोठा शहाणा!

सेक्रेटरी मंत्र्याच्या कचेरीत किती वेळा जाऊन बसला. एकदा कागद धरायला मलाही नेलं. पंख्याखाली आम्ही दुपारपर्यंत ताटकळलो, आत जाणारा प्रत्येक माणूस उठून सलाम करण्याजोगा. शेवटी होकार आला. सेक्रेटरीनं मला मिठी मारली, सगळ्यांना चहा पाजला. "तुझ्या कागदानं काम केलं," म्हणाला. मी कॉलर ताठ करून फिरलो दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी राहणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची यादी टाईप करायला नोकरीची कार्डं माझ्याकडं आली. माझं कार्ड निघालं. चार वर्षं.

माझ्या डोक्यात ते पहिलं वर्ष माझंच होतं हो! बूड माझं झिजलं होतं त्या खुर्चीत. पण कागदावर ते भावोजींचं होतं.

आम्ही गावचे आठजण सालमियाला एका खोलीत राहायचो. खोलीत बोलणं शक्य नव्हतं. संध्याकाळी भावोजींना समुद्रावर नेलं आणि सांगितलं.

"सांग जाऊन," ते म्हणाले. "मी अडवत नाही. पण दुसऱ्याच्या नावानं सही केली म्हणून तू जाशील, आणि करायला लावली म्हणून मी. तुझ्या आपाच्या पदरात चार पोरं आहेत."

खरंच होतं ते. रागानं माझी कानशिलं तापली, तरी खरंच होतं. मला फक्त एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा म्हणावं, चल, मी येतो तुझ्याबरोबर. मी नकोच म्हटलं असतं. पण ते चपलेतली वाळू झटकून पुढं चालू लागले.

दुसऱ्या दिवशी जाणाऱ्यांच्या यादीत मी माझं नाव टाईप केलं. सेक्रेटरीचं बोट त्याच नावावर थांबलं.

"हे काय? तुझी पाच झाली होती ना?"

"मोजण्यात चुकलो."

"काही कागद असेल तर आण. मी पुन्हा जातो मंत्र्याकडं."

तो गेला असता हो, खरंच गेला असता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. "कार्ड बरोबर आहे," मी म्हटलं.

नोटिशीचा महिना कसा काढला ते माझं मला माहीत. भावोजींनी जेवायची वेळ बदलली. खोलीतले बाकीचे हळहळायचे, नशिबाला बोल लावायचे, आणि मी मान हलवायचो. आठ माणसांत एवढं एकटं वाटतं हे मला माहीत नव्हतं. रडावं तर कुणासमोर?

गावी पोचलो तर दारात आपा. पाणी दिलं, शेजारी बसली.

"तुलाच कसं रे काढलं?"

"काम कमी झालं."

"मग ह्यांना कसं ठेवलं?" तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "धरसोड नाही त्यांची. एका खुर्चीला चिकटून राहिले. जरा शीक रे त्यांच्याकडून."

मी हो म्हटलं.