गोठ्यामागचा ससा

मी पदवीधर झालो तो मामांमुळे. विठ्ठलवाडीजवळच्या त्यांच्या वाडीत राहूनच मी कल्याणच्या शाळेत शिकलो. अजूनही फटाक्याच्या दारूचा वास आला की गोठ्यामागची ती संध्याकाळ आठवते. ससे वांग्याची कोवळी रोपे कुरतडत, म्हणून मामांनी लहान गोळीची बंदूक आणली होती आणि ती चालवायला माझ्या मामेभावाला शिकवले होते. त्या दिवशी ससा गोठ्याच्या कुडाला लागूनच बसला होता. "मार ना," मी कुजबुजलो. "पल्याड गाय हाय," भाऊ म्हणाला. ससा मातीच्या बांधासमोर येईपर्यंत भाऊ हलला नाही, मग त्याने एकाच गोळीत सशाला पाडले. मामांनी भावाच्या पाठीवर थाप दिली. माझा पहिला नंबर आला तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले होते, पण अशी थाप मला कधी मिळाली नव्हती. "मामा, मलाही शिकवा ना." "तू पुस्तकं बघ. सशांना हा हाय की." भाऊ हसला, "अदलाबदल करतोस का रे? पुस्तकं मला, बंदूक तुला." मला इतका हेवा वाटला की जेवण गेले नाही. बी.ए. झाल्यावर मी मामांना लिहिले, "आपल्यामुळे पास झालो. सुट्टीत येतो आहे. एक संध्याकाळ मलाही शेजारी बसवून बंदूक कशी धरायची ते दाखवा."