मधेच थांबलेला डाव

आमच्या ह्यांनी उभं आयुष्य लिफ्टच्या शाफ्टमध्ये काढलं. शाफ्ट म्हणजे ज्या उभ्या पोकळीतून लिफ्ट वर-खाली जाते ती. लोक लिफ्टच्या आत उभे राहतात, हे लिफ्टच्या डोक्यावर. हातांना ग्रीसचा वास, खिशात पाने-पक्कड, आणि कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी यजमानांना नमस्कार करायच्या आधी लिफ्टच्या दाराला कान. एकदा एका आजारी नातलगाला बघायला गेलो. मी वर जाऊन विचारपूस केली, चहा घेतला, निरोप घेतला, खाली आले, तरी ह्यांचं तळमजल्यावर वॉचमनशी ब्रेकच्या आवाजावर चाललेलं. आजारी माणसाला मी सांगितलं, येताहेत हो मागून. काय करणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दुसरं वेड बुद्धिबळाचं. सायकलच्या दुकानावर एक लांबट खोली आहे, तिथे रविवारी सकाळी आठ-दहा डोकी जमतात. ह्यांचा ठरलेला जोडीदार म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं सलून आहे ते. मी त्यांना भावजी म्हणते. हे त्यांना ‘वस्तरा’ म्हणतात आणि ते ह्यांना ‘डबा’. माझं लग्न व्हायच्या आधीपासून दोघं एकमेकांचं डोकं खाताहेत. भावजी एरवी लोण्यासारखे, पण पटावर बसले की कर्दनकाळ. मोहऱ्याला हात लागला की चाल झाली, तिथे सूट नाही. एकदा ह्यांनी चुकून वजिराला बोट लावलं आणि नुसतं ‘राहू दे रे’ म्हणाले, तर भावजींनी महिनाभर ह्यांच्या केसांना हात लावला नाही. हे जंगल घेऊन हिंडत होते.

त्या खोलीची एक रीत आहे. दुपारी तिथे शिवणाचा क्लास भरतो, त्यामुळे डाव अर्धा असला तरी उठावं लागतं. मग पट तसाच मनात ठेवायचा आणि पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करायचं. ज्याची चाल असेल त्यानं आठवडाभर डोकं खाजवावं. घरी कॉम्प्युटरला विचारा नाहीतर सासऱ्यांना विचारा, कुणाची हरकत नाही. पण खोलीत येताना कागद नाही, फोन नाही. जे काही शोधून आणलं असेल ते डोक्यात हवं.

आता मुख्य गोष्ट सांगते. गेल्या थंडीत एक प्रकार झाला. ह्यांच्यासोबत काम करणारा एक जण आहे, दोन लहान मुलांचा बाप. तो शाफ्टच्या तळाशी असतो त्या खड्ड्यात उतरला होता आणि हे वर मशीनशी होते. खाली माणूस असताना वरचा मोठा स्विच बंद ठेवायचा, हे ह्यांच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. ह्यांनी तो बंद केला नाही. केला असं त्यांना वाटलं. लिफ्ट खाली निघाली. त्या पोरांच्या बापानं वेळेवर खड्ड्यातलं लाल बटण दाबलं म्हणून आज त्याची पोरं बापाला बाबा म्हणताहेत. तो वर आला आणि म्हणाला, “होतं असं, काका.” त्यानं कुणाला सांगितलं नाही. ह्यांनी मला सांगितलं, तेही जेवताना ताटाकडे बघत.

त्याआधी किल्ल्या विसरणं, गॅस विसरणं चालू होतंच. मी त्यावर तोंडसुख घेत होते, कारण मला ते नेहमीचं वेंधळेपण वाटलं. नंतर मी बोलायची थांबले, आणि माझं गप्प बसणं ह्यांना जास्त लागलं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, झोप कमी आहे, सहा महिन्यांनी बघू. डॉक्टरांना काय, त्यांच्या खड्ड्यात कुणी उभं नव्हतं.

तेव्हा ह्यांनी स्वतःच स्वतःची परीक्षा काढली. भावजींबरोबरचा डाव तीन रविवार रेंगाळला होता आणि भलताच अवघड जागी येऊन थांबला होता, ह्यांच्या चालीवर. हे मला म्हणाले, “हा डाव डोक्यात धरून मी नीट शेवटाला नेला, तर शाफ्टमध्ये जाईन. नाही जमलं, तर वर्कशॉपमध्ये बसून लिफ्टच्या मोटारी पुसेन.” मी म्हटलं, कुणाच्या जिवाचा निकाल लाकडी घोड्यांवर लावायचा हा कुठला शहाणपणा? पण खरं सांगायचं तर मलाही दुसरी कुठली परीक्षा सुचत नव्हती. त्यांनी शाफ्ट सोडावा असं मला वाटत होतं, आणि सोडल्यावर जो माणूस घरी येईल त्याचीही मला धास्ती होती.

आमच्या लेकीनं तिचा जुना लॅपटॉप दिला आणि त्यात बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा प्रोग्राम, घालून दिलं. आठवड्याच्या सुरुवातीला बाप-लेक जेवणाच्या टेबलाशी बसले. हे पट आठवून एकेक मोहरा सांगत गेले, ती पडद्यावर मांडत गेली. खाली दोन-चार चौकोनांत आधीच बरोबरच्या खुणा होत्या. ह्यांनी विचारलं, हे काय? ती म्हणाली, ते आपोआप येतं, बाबा, राहू द्या. मग तिनं समजावून दिलं की आकडा अधिकमध्ये गेला तर तुमची सरशी, उणे झाला तर काकांची. आणि ती आपल्या घरी गेली.

पुढे रोज कामावरून आले की हे हात धुऊन त्या पडद्यापुढे. भावजींचा वजीर मधोमध येऊन ठाण मांडून बसला होता, ह्यांचा घोडा अडकला होता आणि राजा उघड्यावर. घोडा वाचवला की आकडा उणे. प्यादं देऊन वाट काढली की उणे. ह्यांनी स्वतः योजलेली उंटाची चाल त्यांना फार आवडत होती, तर इंजिन आधी तिला बरी म्हणालं आणि जरा खोलात गेल्यावर तोंड फिरवलं. हे वैतागून म्हणाले, मघाशी हो म्हणत होतं, आता नाही म्हणतंय, अगदी तुझ्यासारखं. मी म्हटलं, म्हणजे त्यालाही संसार कळतो.

मग एके संध्याकाळी इंजिनाला तसंच विचार करत सोडून आम्ही जेवलो, आणि ताटं उचलेपर्यंत त्यानं मत बदललं होतं. किल्लेकोट कर, म्हणत होतं. किल्लेकोट म्हणजे राजा दोन घरं सरकवायचा आणि हत्ती उचलून त्याच्या पलीकडे ठेवायचा, एकाच चालीत. घोडा मरू दे, म्हणे. हत्ती थेट वजिरासमोर येतो आणि पुढे सगळं फिरतं. आकडा चक्क अधिक झाला. हे खुर्चीत ताठ बसले.

पण नुसती चाल घोकून जाण्यातला हा माणूस नव्हे. ‘का’ कळल्याशिवाय ह्यांना झोप यायची नाही. भावजींच्या बाजूनं ही चाल केली तर, ती केली तर, असं इंजिनाला छळून छळून त्यांनी सगळ्या वाटा काढल्या. नंतर मला लॅपटॉपपुढे बसवायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी पडद्यावर बघून ‘काळ्या उंटानं प्यादं खाल्लं’ असं वाचायचे, हे डोळे मिटून उत्तर द्यायचे, आणि उत्तर पडद्यावरच्यासारखंच निघायचं. एकदाही चुकले नाहीत. कितीतरी महिन्यांनी मी ह्यांना शीळ घालताना ऐकलं. मला वाटलं, उगाच घाबरलो आपण, डोकं तर शाबूत आहे. मी लाँड्रीच्या काउंटरवर बसते, तिथे त्या आठवड्यात मी दोन भांडखोर गिऱ्हाइकांना हसून बोलले, यावरून काय ते समजा.

रविवारी हे म्हणाले, तूही चल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी एका बाकावर बसले. दोघांनी न बोलता पट मांडला. ह्यांनी शांतपणे राजा उचलला, दोन घरं सरकवला आणि हत्ती त्याच्या पलीकडे ठेवला.

भावजींच्या हातातला चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. त्यांनी पटाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, चाल लागू पडली. नंतर त्यांनी कप खाली ठेवला आणि मुकाट्यानं ह्यांचा घोडा खाल्ला.

ह्यांनी लगेच उत्तर दिलं. पुढचंही लगेच, त्याच्या पुढचंही. सगळं घरी बसवल्याप्रमाणे जुळत होतं. भावजींचा वजीर पळत सुटला. हे मागे टेकून बसले, आणि इतके खूश दिसत होते की मला त्यांचा तरुणपणीचा चेहरा आठवला.

भावजी म्हणाले, “छान खेळलास.”

बस्स, एवढंच म्हणाले. पण ह्यांचा चेहरा बदलला. हरायला लागले की भावजी कुरकुरतात, खुर्चीला नावं ठेवतात, उजेड कमी आहे म्हणतात. छान खेळलास असं त्यांनी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. हे पटाकडे बघायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. मग डोळे मिटून घेतले आणि बोटं मांडीवर हलायला लागली. मला ती सवय माहीत आहे, हे डाव उलटा मोजत मागे चालले होते.

डोळे उघडून ते म्हणाले, “माझा राजा हलला होता.”

“कधी?” भावजी खिडकीकडे बघत म्हणाले.

“पहिल्याच रविवारी. तुझ्या उंटानं शह दिला, मी त्याला शेजारच्या घरात नेला आणि मग परत आणला.”

मला तो नियम तेव्हा कळला. राजा एकदा जागचा हलला, की मग परत घरी येऊन बसला तरी त्याला किल्लेकोट करता येत नाही. इंजिनाला आम्ही फक्त आजचा पट दाखवला होता, आणि त्यात राजा आपल्या जागेवर होता. लेकीनं राहू दिलेल्या त्या बरोबरच्या खुणा म्हणजे ‘किल्लेकोट अजून शिल्लक आहे’ असंच त्याला सांगणं होतं. तो फिरून आलाय हे पटावरून कुणालाच दिसलं नसतं.

भावजी म्हणाले, असेल, मला नाही आठवत. हे म्हणाले, “वस्तऱ्या, तुला दहा वर्षांपूर्वीचे डाव आठवतात. तुला कळलं होतं. तू बोलला नाहीस.”

आयुष्यभर एका बोटाची सूट न देणाऱ्या माणसानं अख्खी चाल पोटात घातली होती. म्हणजे ह्यांचं विसरणं त्यांनाही माहीत होतं. सलूनमध्ये ह्यांचे केस कापताना ते काय काय ऐकत आले असतील, काय बघत आले असतील, कुणास ठाऊक. ह्यांना लागलं ते हे. हरण्याचं ह्यांना कधीच काही नव्हतं.

मग भावजी घाईघाईनं समजूत घालायला लागले. अरे, मशीनलाही कुठे कळलं? मशीन चुकलं. आणि तुला आठवलं की आत्ता, सगळं पहिल्यापासून आठवलं. मीही मान डोलावली. मला तेव्हा कुठलीही काडी चालली असती.

हे म्हणाले, “मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं. मला सांगायची गरज नव्हती, राजा मीच हलवला होता. आणि आठवलं म्हणतोस, तर चाल झाल्यावर आठवलं. शाफ्टमध्ये चाल झाल्यावर आठवून काय करू?”

ह्यांनी तिथेच खोलीबाहेर जाऊन कामावरच्या त्या पोरांच्या बापाला फोन लावला. उद्या वरच्या साहेबांशी बोलतो, तोवर माझ्याबरोबर खड्ड्यात उतरायचं नाही, दुसरा माणूस माग, एवढंच सांगितलं. पलीकडून तो बराच वेळ बोलत होता, बहुतेक नको नको म्हणत असावा. हे “हो रे, हो रे” म्हणत राहिले आणि शेवटी, “मुलांना सांभाळ,” म्हणून फोन ठेवला. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याबद्दल स्वतःचाच इतका राग आला की मी भिंतीकडे तोंड करून बसले.

परत येऊन त्यांनी एकेक चाल मागे घेतली. मेलेला घोडा जागेवर आला, हत्ती कोपऱ्यात गेला, राजा मधोमध आला. भावजी म्हणाले, डाव सोडून देऊ, नवा मांडू. हे ऐकेनात. राजाला हात लागलाय, म्हणजे राजाच हलवायला हवा, नियम तुझाच आहे. त्यांनी राजा उचलला आणि जवळच्या एका उघड्या घरात ठेवला. माझ्यासारखीलाही दिसत होतं की तो तिथे वाचणार नाही.

“आता खरं खेळ,” हे म्हणाले. “दया केलीस तर परत इथे येणार नाही.”

भावजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला, आणि तरीही त्यांना नीट दिसत नव्हतं. नाक ओढत ओढत त्यांनी वजीर पुढे घेतला. ह्यांनी राजा हलवला. त्यांनी हत्ती आणला. हे एकेक चाल नीट बघून, जितकं लढता येईल तितकं लढले. आणि भावजींनी हातानं डोळे पुसत, एकाही चालीची कसूर न ठेवता, त्यांना मात दिली.